एका बाटलीमागचे घोडे आणि उंदीर : प्राण्यांवरचे प्रयोग किती गरजेचे, किती भरवशाचे?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं बोलण्यासारखंच ठेवलंय.

लसींवरच्या भागानंतर दोन प्रकारचे प्रश्न आले. पहिला असा, की "माणसाच्या औषधासाठी मुक्या जनावराला त्रास द्यायचा हक्क आपल्याला कोणी दिला?" दुसरा असा, की "उंदरावर चाललेलं औषध माणसावर चालेलच याची खात्री काय?" वरवर दोन्ही प्रश्न एकच वाटतात, पण ते वेगळे आहेत. पहिला योग्य-अयोग्याचा आहे, दुसरा भरवशाचा. आणि दोघांची गाठ एका ठिकाणी पडते: प्रयोगातून माणसाच्या उपयोगाचं काही कळणारच नसेल, तर त्या जनावराचा त्रास फुकट गेला. आणि कळणार असेल, तरी "म्हणून तो चालेल का?" हा प्रश्न उरतोच.

हे सगळं हवेत बोलण्यापेक्षा आपल्या जवळचं एक उदाहरण घेऊ. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी. पावसाळ्यात भातलावणी सुरू झाली की या भागात साप चावल्याचे पेशंट येतात. आणि त्यांना वाचवणारं जे औषध आहे, ते प्राण्यांशिवाय आजवर बनलेलंच नाही.

बाटलीत नेमकं काय असतं?

सरकारी दवाखान्यात ज्याला 'एएसव्ही' म्हणतात ते प्रतिसर्पविष, म्हणजे अँटीव्हेनम. १८९० च्या दशकात फ्रान्सच्या आल्बेर काल्मेत यांनी पहिलं अँटीव्हेनम तयार केलं. मूळ पद्धत आजही तीच आहे. सापाचं विष अगदी थोड्या मात्रेत घोड्याला टोचायचं, मग काही आठवडे-महिने मात्रा हळूहळू वाढवत न्यायची. घोड्याचं शरीर त्या विषाविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज तयार करतं. मग घोड्याचं रक्त काढायचं, त्यातला द्रव भाग वेगळा करायचा आणि तांबड्या पेशी शक्यतो घोड्याला परत द्यायच्या. त्या द्रवातली प्रतिपिंडं शुद्ध करून, सुकवून बाटलीत भरायची.

आपल्याकडे हे काम परळच्या हाफकिनने अनेक दशकं केलं. १८९९ मध्ये प्लेगची प्रयोगशाळा म्हणून सुरू झालेली ही संस्था. १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचं नाव मिळालं. पुढे उत्पादनाचं काम हाफकिन महामंडळाकडे गेलं, आणि त्यांचे घोडे पिंपरीला असत.

भारतातलं हे औषध चार सापांसाठी असतं: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. त्यासाठी लागणारं बहुतेक विष तामिळनाडूतून येतं. चेन्नईजवळ इरुळा समाजाच्या सर्पमित्रांची सहकारी संस्था आहे, १९७८ पासूनची. ते साप पकडतात, विष काढतात आणि साप परत सोडून देतात.

म्हणजे एका बाटलीमागे साप आहे, घोडा आहे आणि अजून एक प्राणी आहे, ज्याच्याबद्दल आपण सहसा बोलत नाही. तो म्हणजे पांढरा उंदीर.

उंदरांनी ठरवलेला आकडा

बाटलीत औषध भरलं म्हणजे ते काम करतं असं होत नाही. प्रत्येक घाण्याची, म्हणजे बॅचची ताकद मोजावी लागते. ती उंदरांवर मोजतात. आधी शोधतात की किती विषाने निम्मे उंदीर मरतात. मग त्याच्या काही पट विष घेऊन त्यात अँटीव्हेनम वेगवेगळ्या प्रमाणात मिसळतात, अर्धा तास ठेवतात आणि ते मिश्रण उंदरांना टोचतात. किती प्रमाणाला निम्मे उंदीर वाचले, ते मोजतात. जे वाचत नाहीत ते विषानेच मरतात, आणि ते मरण सुखाचं नसतं.

यातून जो आकडा निघतो, तो तुम्हाला बाटलीवर छापलेला दिसेल. एक मिली औषध नागाचं ०.६ मिलिग्रॅम, घोणसाचं ०.६, मण्यारचं ०.४५ आणि फुरशाचं ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करतं.

आता हा आकडा पेशंटपर्यंत कसा पोहोचतो ते बघा. बाटली दहा मिलीची, म्हणजे एक बाटली घोणसाचं सहा मिलिग्रॅम विष मारते. मोठी घोणस एका चाव्यात सरासरी साठ-त्रेसष्ट मिलिग्रॅम विष सोडते, असं धरलं जातं. भागाकार करा. दहाच्या आसपास बाटल्या. भारतात सुरुवातीलाच आठ ते दहा बाटल्या द्यायच्या असा जो नियम आहे, तो या हिशोबातून आलाय. लहान मुलालाही मोठ्याइतकाच डोस का देतात, याचंही उत्तर इथेच आहे. साप मूल बघून विष कमी सोडत नाही, आणि औषध विषाच्या मापाने द्यायचं असतं, पेशंटच्या वजनाच्या मापाने नाही.

म्हणजे प्रयोगशाळेतल्या उंदराचा आकडा थेट सुरगाण्याच्या दवाखान्यातल्या सलाईनच्या बाटलीत उतरतो. म्हणूनच तो किती भरवशाचा, हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

आकडा कुठे कमी पडतो?

दोन ठिकाणी.

पहिलं ठिकाण म्हणजे प्रयोगाची रीत. उंदराच्या परीक्षेत विष आणि औषध आधीच एकत्र केलेलं असतं. पेशंटच्या बाबतीत तसं नसतं. समजा झोपेत मण्यार चावली, दुखलं फारसं नाही, सूज नाही, घरच्यांना पहाटे डोळ्यांच्या पापण्या पडलेल्या दिसल्या. मग गाडी शोधली, कधी आधी भगताकडे गेले, मग दवाखाना. तोपर्यंत विष मज्जातंतूंच्या टोकांना जाऊन त्यांचं नुकसान करून मोकळं झालेलं असतं. मण्यारच्या विषातले काही घटक असे आहेत की एकदा ते तिथे पोहोचले, की नंतर कितीही अँटीव्हेनम दिलं तरी झालेलं नुकसान लगेच भरून येत नाही. अशा पेशंटला वाचवतं ते व्हेंटिलेटर आणि वेळ. उंदराची परीक्षा एवढंच सांगते, की औषध विषाला पकडू शकतं. उशिरा आलेला माणूस वाचेल का, हे ती विचारतच नाही.

दुसरं ठिकाण म्हणजे विष स्वतः. एकाच जातीच्या सापाचं विष सगळीकडे सारखं नसतं. प्रदेश, खाणं, वय, सगळ्याचा फरक पडतो. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले कार्तिक सुनगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ पासून या विषयावर बरंच काम प्रसिद्ध केलंय. वेगवेगळ्या राज्यांतल्या सापांची विषं आणि बाजारातली अँटीव्हेनम त्यांनी पडताळून पाहिली. काही ठिकाणच्या विषापुढे औषध कमी पडलं, आणि 'मोठ्या चार' सापांच्या बाहेरच्या काही जातींपुढे तर फारच कमी. आपल्या सह्याद्रीतला हिरवा चापडा घ्या. त्याचं विष या बाटलीच्या तयारीत वापरलेलंच नसतं.

आता यात दोष कोणाचा? उंदराचा नाही. उंदराला जे विचारलं त्याचं उत्तर त्याने दिलं. तामिळनाडूच्या घोणसाबद्दल विचारलं आणि उत्तर नाशिकच्या घोणसाला लावलं, तर चूक प्रश्नात आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांबद्दल बोलताना ही गोष्ट वारंवार दिसते. प्रयोग खोटा नसतो. त्याच्यावर आपण जेवढं ओझं टाकतो, तेवढं तो पेलू शकत नाही.

आणि गंमत बघा, ही उणीव उघड कशी झाली? पुन्हा उंदरांवरच्या प्रयोगांतून.

अंजनेरीची गिधाडं काय शिकवतात?

एका प्राण्याचं उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही याचा सगळ्यात मोठा धडा आपल्या डोक्यावर घिरट्या घालत होता. अंजनेरीच्या कड्यावरची गिधाडं तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. हरसूलजवळ खोरीपाड्याला त्यांच्यासाठी मेलेली जनावरं ठेवायची खास जागा केलीय, तीही ऐकून असाल. ही वेळ का आली?

डायक्लोफेनॅक. कंबरदुखीला आपण घेतो तीच गोळी. माणसात चालते, गाई-म्हशींतही चालते. पण औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने ते खाल्लं, की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. भारतातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून जास्त घटली. कारण काय, हे वर्षानुवर्षं कळेना. २००४ मध्ये पाकिस्तानात काम करणाऱ्या लिंडसे ओक्स यांच्या गटाने ते शोधून काढलं. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली.

यात दोन बाजू आहेत, दोन्ही ऐका. एक: माणसात आणि गुरांत सुरक्षित म्हणजे पक्ष्यात सुरक्षित, असं समजणं किती महागात पडतं. दोन: डायक्लोफेनॅकच दोषी आहे हे पक्कं करायला काही पाळीव गिधाडांना ते देऊन पाहावं लागलं, आणि ती मेली. त्याच्याऐवजी मेलॉक्सिकॅम चालेल का, हेही गिधाडांनाच देऊन तपासलं, आणि ते सुरक्षित निघालं. म्हणजे गिधाडांची जात वाचवायला थोड्या गिधाडांवर प्रयोग झाले. प्राण्यांवर प्रयोग कधीच नकोत असं म्हणणाऱ्याला मी हे उदाहरण नेहमी देतो. आणि प्राण्यांवर तपासलं म्हणजे झालं, असं म्हणणाऱ्यालाही हेच देतो.

औषधांच्या इतिहासात दोन्हीकडची उदाहरणं आहेत. १९४० मध्ये ऑक्सफर्डला पेनिसिलिन आधी उंदरांवर वापरलं, ते उंदीर वाचले आणि पुढचा मार्ग खुला झाला. पण तेच पेनिसिलिन गिनीपिगला घातक ठरतं. पहिल्या दिवशी पिंजऱ्यात उंदरांच्या जागी गिनीपिग असते तर? उलट २००६ मध्ये लंडनला एक नवं औषध माकडांत निर्धोक दिसलं, आणि त्याच्या कितीतरी कमी मात्रेने सहा निरोगी तरुण स्वयंसेवक अतिदक्षता विभागात पोहोचले.

प्राणी नको, तर मग कोण?

हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या छोट्या जागेत लस बनवली. आधी ती सशांना दिली. मग १० जानेवारी १८९७ ला स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा तिथल्या कैद्यांपैकी सुमारे निम्म्यांना लस दिली आणि उरलेल्यांशी तुलना केली. लस घेतलेल्यांत आजार कमी झाला.

आज तो प्रयोग वाचताना सशांपेक्षा कैद्यांपाशी मी जास्त थबकतो. ते स्वेच्छेने पुढे आले असं सांगितलं जातं. पण परक्या सरकारच्या तुरुंगातल्या माणसाची स्वेच्छा म्हणजे किती मोकळी? प्राण्यांवरची पायरी काढून टाकली, तर पहिला धोका श्रीमंताच्या वाट्याला येत नाही. तो येतो ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या वाट्याला. नाझी डॉक्टरांच्या खटल्यानंतर १९४७ मध्ये न्यूरेंबर्गची तत्त्वं आली. माणसावरचा प्रयोग आधीच्या प्राण्यांवरच्या अभ्यासावर आधारलेला असावा, असं त्यात सांगितलं ते याच भीतीपोटी.

आपल्या काळातलं उदाहरण कोव्हॅक्सिनचं. २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला लशीच्या चाचणीसाठी वडगाव वनक्षेत्रातून ३० माकडं पकडायची परवानगी राज्याने दिली होती. प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २० माकडं होती, पाच-पाचचे चार गट. तीन गटांना लस, एकाला नाही. मग सगळ्यांना विषाणू दिला. लस न दिलेल्या गटात न्यूमोनिया दिसला. पण वीस माकडं काय सांगू शकतात? लस काम करण्याची शक्यता आहे, आणि ती घेतल्यावर आजार उलट बळावत नाही, एवढंच. खरी परिणामकारकता कळली ती २५,८०० माणसांच्या चाचणीतून, ७७.८ टक्के. माकडांनी दार उघडलं, घर माणसांनी पाहिलं.

कायदा काय म्हणतो?

१९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा प्रयोगांवर बंदी घालत नाही, पण अटी घालतो. विनाकारण वेदना नको, शक्य तिथे भूल द्या, लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा घेऊ नका, पर्याय असेल तर प्राणी वापरू नका. १९९८ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत एक नैतिक समिती लागते. तिच्यात पशुवैद्य असतो, बाहेरचा शास्त्रज्ञ असतो आणि शास्त्रज्ञ नसलेला एक जागरूक नागरिकही असतो. मला ही शेवटची खुर्ची सगळ्यात महत्त्वाची वाटते. "हा प्रयोग आधी कोणी केलाय का? इतके उंदीर कशाला?" हे साधे प्रश्न तिथूनच यायला हवेत. त्या खुर्चीवरचा माणूस नुसती सही करत असेल, तर नियम कागदावरच राहतो.

काही बदल झालेही. २०१४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करायला भारतात बंदी आली. ते बरोबरच झालं. लिपस्टिकसाठी सशाचे डोळे जाळायचं समर्थन कोण करणार? कॉलेजातली विच्छेदनंही त्याच सुमारास थांबली. आपल्याकडचे जुने डॉक्टर बेडकाच्या हृदयावरचे प्रयोग आठवतात. आता तेच प्रात्यक्षिक कॉम्प्युटरवर होतं, आणि त्यासाठीचं सॉफ्टवेअर पुदुच्चेरीच्या जिपमेरमध्ये तयार झालं. बेडूक वाचले आणि डॉक्टर काही कमी शिकले नाहीत.

२०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांतही दुरुस्ती झाली. माणसाच्या पेशी, प्रयोगशाळेत वाढवलेल्या ऊतींचे छोटे नमुने, संगणकी गणितं यांतून मिळालेला पुरावाही आता मान्य होऊ शकतो. अमेरिकेने त्याआधी काही महिने, डिसेंबर २०२२ मध्ये, असाच कायदा केला होता.

मग घोडा-उंदीर सुटणार का?

हळूहळू, आणि टप्प्याटप्प्याने. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तीन पायऱ्या सांगितल्या होत्या: जमेल तिथे प्राण्याऐवजी दुसरं काही वापरा, वापरायचेच तर कमीत कमी वापरा, आणि वापराल त्यांचा त्रास कमी करा. अँटीव्हेनमला हे लावून बघा. प्रतिपिंडं विषाला चिकटतात का, हे नळीतही तपासता येतं. त्यात नापास झालेली बॅच उंदरांपर्यंत न्यायचीच नाही. म्हणजे उंदीर कमी लागतील. उरलेल्यांना वेदनाशामक द्या, असं जागतिक आरोग्य संघटनाही सुचवते.

घोड्याऐवजी प्रयोगशाळेत बनवलेली प्रतिपिंडं वापरायचं कामही चालू आहे. २०२४ मध्ये सुनगर यांची प्रयोगशाळा आणि अमेरिकी संशोधक यांनी अशा एका मानवी प्रतिपिंडाबद्दल लिहिलं. ते नाग-मण्यारच्या कुळातल्या सापांच्या विषातल्या एका मोठ्या गटाला अडवतं. घोडा गेला तर घोड्याच्या प्रथिनांमुळे पेशंटला येणारी रिअ‍ॅक्शनही जाईल. म्हणजे इथे प्राण्याचं आणि माणसाचं हित एकाच दिशेला आहे. पण ते प्रतिपिंड काम करतं हे दाखवलं कशावर? उंदरांवर. एवढं अंतर अजून चालायचं आहे.

माझं मत

तहानलेल्या गाढवाला कावडीतलं गंगाजल पाजणारे एकनाथ आपले, आणि पांजरपोळीला दान देणारं शहरही आपलं. त्यामुळे "प्राणीच तर आहे" असं म्हणून मला पुढे जाता येत नाही. पण भारतात सापाच्या चाव्याने वर्षाला सरासरी ५८,००० माणसं मरतात असा २००० ते २०१९ या काळाचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यातली, शेतात अनवाणी काम करणारी. आज उंदरांची परीक्षा बंद केली, तर न तपासलेली बाटली त्यांच्या हाताला टोचली जाईल, माझ्या नाही. म्हणून आज ती बंद करा, असं मी म्हणणार नाही.

मी म्हणेन ते असं. ज्या प्राण्याचा जीव घेतला, त्याच्याकडून मिळालेलं उत्तर पूर्ण वापरा. महाराष्ट्रातल्या सापांच्या विषावर औषध तपासा. प्रयोग फसला तरी प्रसिद्ध करा, म्हणजे दुसरा कोणी तोच प्रयोग पुन्हा करून आणखी जीव घेणार नाही. आणि नळीत जे कळतं ते नळीतच शोधा.

शेवटी कामाचं. साप चावला तर बांधू नका, कापू नका, चोखू नका. चावलेला भाग हलू देऊ नका, माणसाला धीर द्या, १०८ ला फोन करा आणि भगताच्या आधी दवाखाना गाठा. कारण ती बाटली कितीही चांगली असली, तरी उशीर भरून काढणं तिला जमत नाही.

भेटू पुढच्या भागात. तुमचे प्रश्न पाठवत राहा.